ही जागा पोरींची

एसटीत चढले की नाना आधी त्या सीटवर थाप मारायचे. तुम्हीही पाहिलं असेल, एका सीटच्या वर ‘आमदार’ असं रंगवलेलं असतं. मी त्या गाडीचा कंडक्टर. मी बसा म्हणालो की ते म्हणायचे, “आमी माजी. इथं पोरी बसू दे बे.” आणि स्वतः दांडा धरून चकलांब्यापर्यंत उभे.

एकदाच निवडून आले होते. घर पत्र्याचंच राहिलं. आमदार होऊन म्हाताऱ्याने काय दिवे लावले, असं लोक म्हणायचे आणि मीही दात काढायचो. आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. ती सकाळची गाडी त्यांनीच डेपोत खेटे घालून सुरू करून घेतली होती. आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या पोरींना शाळेत जायला दुसरं काहीच नव्हतं. गाडी बंद पडली की पोरगी कोयत्याला गेली म्हणून समज, असं ते मला बजावायचे.

दहावीच्या गणिताच्या पेपरादिवशीच हुकूम आला, गाडी साहेबांच्या सभेला न्या. कार्यकर्ते कोंबून बसले. नाना डेपोच्या फाटकात गाडीपुढे येऊन बसले. आधी पोरींना सोडा, मग खुशाल सभा करा, एवढंच मागणं. दोघे उतरले. नालायकांनी आधी त्यांच्या पाया पडून घेतलं, मग बखोटीला धरून बाजूला केलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. “तू तरी घंटी मारू नको.”

मी मारली. नोकरी, बायकापोरं, सगळी कारणं तयारच होती. पोरी फाट्यावर हात करत राहिल्या आणि आम्ही धूळ उडवत पुढे गेलो. बाकीच्या कशाबशा पोचल्या, पण एकीचा पेपर बुडाला तो बुडालाच. दिवाळीनंतर ती टोळीबरोबर ऊस तोडायला गेली. नाना नंतरही माझ्या गाडीत चढायचे, सीटवर थाप मारायचे, पण मला चकार शब्द बोलले नाहीत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

यंदा ते गेले. शोकसभेला माणसं न्यायला पुन्हा तीच सकाळची गाडी काढली. लाज म्हणून काही आहे की नाही? तिथे भाषण साहेबांचंच होणार होतं. गाडीत आमदाराच्या सीटवर नानांचा हार घातलेला फोटो ठेवला होता. फाट्यावर पोरी दिसल्या तशी मी एक घंटी मारून गाडी थांबवली. ड्रायव्हरला सांगितलं, आधी शाळा. फोटो काखेत धरला आणि पोरींना तिथे बसवलं.

एक कार्यकर्ता उठला. “नानांचा फोटो कावून उचलला?”

“ते इथं कधी बसलेच न्हाईत,” मी म्हणालो. “खाली बस बे.”

आणि दोनदा घंटी मारली.