वरच्या खोलीतली खुर्ची

अंबादास रामटेकेनं घरावर खोली काढली ती पार्षद, म्हणजे नगरसेवक, व्हायच्या हिशेबानं. घरात माणसं तीन, खाली खोल्या तीन, वरच्या खोलीची गरज कोणालाच नव्हती. पण सारा जन्म फॅक्टरीत लेथ मशीनपुढे उभं राहून काढलेला, युनियनच्या गेट-मीटिंगांत ‘साथियो’ म्हणून घसा फोडलेला माणूस रिटायर झाला की त्याला वाटतं, आता लोकांनी आपल्याकडे यावं. जिना चढून यावं. आपण खुर्चीत बसून म्हणावं, बैठो, बोलो. ती खुर्ची त्यानं आधीच करून घेतली होती. सागवानी, हातांची, पाठीला वेत विणलेला. खोलीला प्लास्टर व्हायच्या आधी खुर्ची वर चढली.

जबलपुरातला आमचा मोहल्ला सगळा फॅक्टरीवाल्यांचा. भंडारा-नागपूरकडून नोकरीपायी आलेली माणसं. आधी क्वार्टरात राहायचं, मग नाल्याकाठी चार भिंती उभ्या करायच्या, ही आमची रीत. क्वार्टरात नळ गळला तर इस्टेट ऑफिसचा माणूस पाना घेऊन हजर. बल्ब गेला, माणूस हजर. त्यामुळे घरटॅक्स, पाणीटॅक्स ही भानगड आमच्या लोकांना बाहेर आल्यावरच कळली, आणि कळली तरी पटली नाही. आपल्या विटा, आपलं सिमेंट, मग टॅक्स कशाचा? वरची खोली अंबादासनं निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, कागदावर चढवलीच नाही. मोहल्ल्यात कोणीच चढवत नसे. ह्याला चोरी म्हणतात हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

घर नोकरीत असतानाच बांधून झालं होतं. अंबादास सायकल मारत फॅक्टरीत जायचा, आणि त्याची बायको भागीरथा सार्वजनिक नळावर रांगेत उभी राहायची. तो परत यायचा तेव्हा बालट्या भरलेल्याच असायच्या. पाणी येतं कुठून, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

चौऱ्याण्णव साली निगमच्या निवडणुका लागल्या आणि आमचा वॉर्ड निघाला महिलांसाठी राखीव. त्या दिवशी अंबादासनं ताट सरकवून दिलं. पोरगा मोहन म्हणाला, “तो क्या हुआ, बाबा? आई को खड़ा कर दो. पार्षद-पति बन जाओ. सब वही कर रहे हैं.”

पोराला मराठी समजायचं सगळं, बोलायचा मात्र हिंदीत. पण बात त्याची खरी होती. ज्या वॉर्डात बाई, तिथं बाईच्या मागे नवरा, हे सगळे धरूनच चालले होते. अंबादासनं ताट परत ओढलं.

“मोहनची आई, तुले काही करायचं नाही. हात जोडायचे फक्त. बोलनं माह्याकडे.”

“अन् निवडून आली तं?”

“तं सही करायची. येते ना सही?”

“येते. वाचताबी येते,” भागीरथा पोळी लाटत म्हणाली. “सहीच्या आधी वाचून घेईन म्हनते.”

हे बोलणं अंबादासला तेव्हा गमतीचं वाटलं.

निशाणी मिळाली बालटी. पोस्टरं छापून आली. त्यावर अंबादासचा फोटो टाय लावलेला, पपईएवढा. भागीरथाचा कोपऱ्यात, डोक्यावर पदर, सुपारीएवढा. शेजारची म्हातारी चंपाबाई चष्मा पुसून पोस्टरजवळ गेली. “बाई, उभी तू हायेस का हा? तुले तं शोधा लागते वं यात!”

प्रचाराला दोघं पहिल्यांदा निघाले ते नळावरच्या रांगेपाशी. अंबादासनं घसा साफ केला. “माताओं और बहनों, हम चौक में ऐसा स्वागतद्वार बनवाएँगे कि विजय नगरवाले देखने आएँगे!”

“द्वारातून पानी येते का रे?” चंपाबाईनं विचारलं.

बाया हसल्या. आणि मग सगळ्या भागीरथाकडे वळल्या. रांगेत रोज उभ्या राहणाऱ्या बाईकडे वळावं तसं. भागीरथानं बालटी खाली ठेवली आणि बोलली. भाषण नाही, बोललीच. “देखो दीदी, पाइप है पतला, और घर हो गए दुगने. नाल्यापलीकडे आता प्लॉट पाडून राहिले, ते नळ बी इथूनच ओढतीन. मोहल्ला वाढू द्या, मी कुठं नाही म्हनते? पन आधी नाली अन् पाइप, मंग प्लॉट. अन् दाराचा पैसा पाइपात घाला. दारातून जाऊन जायचं कोठी, त्याच चिखलात?”

“सही बात,” कोणीतरी म्हणालं. मग आणखी कोणी.

अंबादासला हे लागलं. फॅक्टरीत दिवसभर राबावं आणि हजेरी दुसऱ्याच्या नावावर पडावी, तसं. घरी येताना तो म्हणाला, “तू ‘देखो दीदी’ काहून म्हनते? मीटिंगीत माताओं-बहनों म्हनतात.”

“नळावर कोन माताओं-बहनों म्हनते?”

मग ते रोजचंच झालं. रस्त्यानं दोघं चालले की पहिला जयभीम तिला. कोणाच्या घरी गेलं की चहाचा पहिला कप तिला, आणि त्याला फुटक्या कानाचा. अंबादास कपाचे कान बघायला लागला. सराफ्यातला एक ओळखीचा सोनार भेटला, म्हणाला, “भैया, भाभीजी क्या बोलती हैं!” तर हा म्हणाला, “मैंने सिखाया है.” आणि सांगताना त्याला स्वतःलाच ते इतकं खोटं वाटलं, की त्या दिवशी त्यानं भागीरथाशी अबोला धरला. तिनं ते ओळखलंही नाही. तिला वेळच नव्हता.

एकदा पोरं गल्लीतून ओरडत आली, “भागीरथाबाई!” आणि दारात उभ्या अंबादासच्या तोंडून गेट-मीटिंगच्या सवयीनं निघून गेलं, “जिंदाबाद!” मूठही वर गेली. खाली आणताना तिचं काय करावं त्याला सुचेना, शेवटी डोकं खाजवलं.

त्याचं एकच समाधान उरलं होतं, शेवटची सभा. विहाराच्या मैदानात, माइक लावून, मोठी. तिथं बोलायचं त्यानंच, हे ठरलं होतं. सभेच्या आधी भागीरथा त्याला एवढंच म्हणाली, “टॅक्स माफ करू, असं म्हनू नका. ते आपल्या हातात नाही. अन् आपन टॅक्स भरला नाही तं पाइप मांगाले कोन्या तोंडानं जाचं?”

“मले शिकवते का आता?”

मैदान भरलं. अंबादास उठला. सुरुवातीला बरा बोलला. मग त्याचं लक्ष गेलं. लोक ऐकत होते, पण डोळे त्याच्यामागे बसलेल्या भागीरथावर. आपण जसे तिच्या आधीचे भजनवाले. त्याच्या डोक्यात काहीतरी सणकलं. ह्या डोळ्यांना आपल्याकडे ओढायचं असेल तर काय फेकायला हवं, ते त्याला माहीत होतं.

“मैं वचन देता हूँ! भागीरथाबाई जीतेंगी, तो इस मोहल्ले का पूरा टॅक्स माफ!”

टाळ्या अशा पडल्या की विहारातली कबुतरं उडाली. अंबादास तसाच उभा राहिला, टाळ्या अंगावर घेत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळे डोळे त्याचे होते.

मग भागीरथा उठली. माइक तिच्या डोक्याच्या वर होता. तिनं तो वाकवला.

“माफ नहीं होगा,” ती म्हणाली.

टाळ्या तुटल्या.

“मोहनचे बाबा बोले ते त्याइचं बोलनं. मेरा नहीं. टॅक्स देना पड़ेगा. देऊ, अन् मंग निगमच्या दारात बसून इचारू, आमच्या पैशाची नाली कोठी हाये? फुकट राहिलो तं इचारनार कसं?” तिनं पदर सावरला. “अन् सुरुवात घरून. आमच्या घरावर एक खोली हाये, कागदावर नाही. ते खोली मी उद्या निगमात लिहून देते.”

सगळ्या मैदानाला ती खोली माहीत होती. खुर्चीही माहीत होती. एकही मान अंबादासकडे वळायची राहिली नाही. सगळे डोळे हवे होते, ते मिळाले. आणि त्याला तिथून निघूनही जाता येईना, कारण तो स्टेजवर होता, बायकोच्या बाजूला, गळ्यात हार.

शांततेत चंपाबाईचा आवाज आला, “मंग माह्या मागच्या दोन खोल्या बी गेल्या न वं बाई!”

आणि मैदान हसलं. त्या हसण्यातच ठरलं असावं, कोण निवडून येणार.

मतदानाच्या दिवशी पुठ्ठ्याच्या आडोशाला अंबादास बराच वेळ उभा होता. बालटीच्या खाली पतंग होता, फारसं कोणी ओळखत नसलेल्या एका बाईचा. पतंगावर मोहोर मारली तर कोणाला कळणार होतं? पतंगाकडे त्यानं डोळे भरून पाहिलं. मग बालटीवर मारली, दात खाऊन.

भागीरथा आली निवडून. निगमचा माणूस टेप घेऊन आला, वरची खोली मोजून गेला. घर अंबादासच्या नावावर, म्हणून टॅक्सचा कागद त्याच्या नावानं आला. पार्षदाच्या घरी रोज पत्रं यायची, पण त्याच्या नावाचं तेवढं एकच.

लोक आता खरंच यायला लागले. फक्त जिना कोणी चढेना. भागीरथा मागच्या अंगणात भांडी घासत बसायची, लोक तिथंच उकिडवे बसायचे. अंबादास वर, वेताच्या खुर्चीत. खालचं सगळं ऐकू यायचं. कोणाची नाली, कोणाचा खांब. तो मनातल्या मनात उत्तरं द्यायचा, तिच्या आधी द्यायचा, आणि त्याला वाटायचं, आपलं जास्त चांगलं होतं. क्वचित एखादं उत्तर तो खिडकीतून ओरडून सांगायचा. खालून कोणीतरी म्हणायचं, “कौन बोला?”

एका सकाळी त्याला ते सहन झालं नाही. त्यानं खुर्ची उचलली. जड होती. जिन्यात दोनदा भिंतीला घासली. अंगणात आणून त्यानं ती भागीरथापुढे ठेवली आणि तोंड फिरवून म्हणाला, “बस. पार्षद हायेस. भुईवर बसते काहून?”

भागीरथानं राखेचे हात वर करून दाखवले. “असे हात घेऊन? खराब होईन न जी.” पण तिनं खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, जरा जास्त वेळ.

तेवढ्यात चंपाबाई आली. तिनं मागं-पुढं पाहिलं नाही, थेट खुर्चीत बसली, पाठ टेकली, हातांवर हात ठेवले. “हे बरं केलं रे अंबादास. माहे गुडघे उकिडवं बसू देत नाहीत.” मग आरामात म्हणाली, “पानी आन बाबा थोडं.”

अंबादास पाणी आणायला गेला. मागून चंपाबाई पाइपाचं विचारत होती, आणि भागीरथा सांगत होती, मंजूर झाला, उन्हाळ्याआधी टाकतीन. गडवा भरेपर्यंत तो कान देऊन उभा राहिला. उन्हाळ्याआधी म्हणायचं नाही, त्याला वाटलं, लांबची दिवाळी सांगायची, म्हणजे त्याआधी उन्हाळ्यातच झालं तर लोक खूश होतात.

गडवा घेऊन बाहेर येताना त्यानं ते तिला सांगायचंही ठरवलं होतं. पण अंगणात आणखी दोघी येऊन बसल्या होत्या, आणि त्यातली एक त्याला बघून म्हणाली, “भैया, हमको भी.”