फौजदाराविरुद्ध आईचा अर्ज

आईला पोलीस आवडायचे. हे आता सांगितलं की लोक हसतात, पण खरंच आवडायचे. तिचे वडील मुंबईत हवालदार होते, ती पोलीस लाइनीत वाढलेली. परळची खोली सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला आलो तेव्हा मी चौथीत होते. गणपतीत आमच्या सोसायटीबाहेर बंदोबस्त लागला की आई स्टीलच्या डब्यातून ताक घेऊन खाली जायची. "जेवलात का?" हा तिचा प्रत्येक पोलिसाला पहिला प्रश्न. मला आणि भावाला भयंकर लाज वाटायची.

त्यांतले एक हवालदार पुढे घरचेच झाले. रत्नागिरीकडचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. आमच्या भागात त्यांनी बरीच वर्षं काढली. आईला काकू म्हणायचे, आणि सोसायटीत कुणाचं भांडण झालं की वर्दीचा धाक न दाखवता मिटवायचे. दुपारी गेटजवळच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसलेले ते अजून डोळ्यांसमोर येतात.

त्याच गेटच्या डाव्या हाताला जवळच्या मुर्धा गावची एक मावशी मासे विकायला बसायची. खाडीची कोलंबी, निवट्या, पाय बांधलेल्या चिंबोऱ्या. आई तिच्याशी माशांच्या भावावरून वाद घालायची आणि मग अर्धा तास गप्पा मारत उभी राहायची. घरी मासे उशिरा यायचे, पण मुर्ध्यातल्या सगळ्या बातम्या यायच्या. कुणाची सून रुसली, कुणाच्या मिठागराजवळ टॉवर उठतोय.

मी नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. शनिवार होता, मी घरीच होते. रस्त्यावरून कुणी मोठे पुढारी जाणार म्हणून पोलीस फेरीवाल्यांना उठवत होते. आई ताट घेऊन मासे आणायला गेली होती, मी पिशवी घेऊन तिच्या मागे. एक फौजदार जीपमधून उतरला. नवीनच बदलून आलेला असावा, मी त्याला पूर्वी पाहिलं नव्हतं.

"चल उठ, किती वेळा सांगायचं?"

"उठतंय साहेब, पाटी भरते नि उठतंय," मावशी म्हणाली.

त्याने पाटीला लाथ मारली. चिंबोऱ्या रस्त्यावर उलट्यापालट्या पडल्या. मावशी उभी राहून काही बोलायला गेली, तर त्याने तिच्या कानाखाली मारली. आमचे हवालदार त्याच्या मागे चार पावलांवर उभे होते.

आई पुढे झाली. "तुमचं नाव काय?"

"आजी, घरी जा."

"नावाची पट्टी कुठाय तुमची?"

तो जीपमध्ये बसून निघून गेला. आई रस्त्यावर वाकून चिंबोऱ्या गोळा करायला लागली, मग मीही.

अर्ज करायचा हे आईने तिथेच ठरवलं. मावशी तयार नव्हती. "मना रोज हितंच बसायचं हाय, बाय. तू घरान जाशील, मी कुठं जाऊ?" तिचं बरोबर होतं. आईलाही ते पटलं. ती म्हणाली, "तुझं नाव नको असेल तर नको. मी पाहिलंय, मी माझ्या नावाने देते."

आम्ही पोलीस ठाण्यात तीनदा चकरा मारल्या. दोनदा "अर्ज ठेवून जा" म्हणून सांगितलं. आई म्हणायची, "पोच द्या, मग ठेवते." तिसऱ्या वेळी एका तरुण महिला शिपायाने अर्ज उभ्या उभ्या पूर्ण वाचला आणि शिक्का मारून दिला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आई, कशाला हे? तुला तर पोलीस आवडतात." ती चिडली. "आवडतात म्हणूनच. तुझे आजोबा त्याच कपड्यात चोवीस-चोवीस तास उभे राहायचे."

पंधराएक दिवसांनी हवालदार घरी आले. साध्या कपड्यात, हातात केळ्यांची फणी. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "काकू, साहेबांची पोरं लहान आहेत. जरा विचार करा."

"तुम्ही पाहिलंत ना?" आईने विचारलं.

"पाहिलं."

"मग विचारलं तर काय सांगाल?"

आईने त्यांना चहा दिला, त्यांनी तो प्यायला आणि उठले. त्या संध्याकाळी आई नीट जेवली नाही.

चौकशीला बोलावलं तेव्हा रिक्षास्टँडवर मावशी आमच्या आधीच येऊन उभी होती. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली. "तू माझ्यासाठी भांडायची नि मी घरान बसायची? बरा न्हाय दिसत," म्हणाली आणि रिक्षात आईच्या शेजारी बसली.

वरच्या साहेबांनी आमच्यासमोरच फौजदाराला विचारलं. तो म्हणाला, बाई घाईत पाटीला अडखळून पडली. आईने आणि मावशीने जे घडलं ते सांगितलं. मग साहेब हवालदारांकडे वळले. मला वाटलं, ते पाहिलंच नाही म्हणतील, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

"साहेबांनी हात उचलला, सर," ते म्हणाले. "बाईची काही चूक नव्हती."

निघताना आईने त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांनी वर बघितलं नाही.

कित्येक महिन्यांनी उत्तर आलं. चौकशीत गैरवर्तन सिद्ध झालं, पगारवाढ रोखली, बदली केली. एवढंच. काहींना वाटलं, फारच कमी झालं. मावशीची अपेक्षा वेगळी होती. त्याने येऊन एकदा चुकलो म्हणावं, असं तिला वाटत होतं. तो कधी आला नाही.

हवालदारांनाही थोड्याच दिवसांत दुसरीकडे हलवलं. शिक्षा होती की नेहमीची बदली, ते आम्हाला कळलं नाही. आई मात्र ते स्वतःला लावून घेत राहिली. एकदा भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकच्या बाजूला ते तिला भेटले, तेव्हा तिने भर रस्त्यात माफी मागितली. ते म्हणाले, "काकू, त्या दिवसापासून बायकोसमोर ताठ बसून जेवतो."

आता आई नाही. पण ते पत्र आलं त्या सकाळी मी खाली जाऊन मावशीला वाचून दाखवलं, ती आठवण पक्की आहे. सरकारी मराठी तिला कळेना. तिने विचारलं, "म्हंजे चूक त्याची हुती, असा कागदावर हाय?"

"हो."

ओले हात तिने पदराला पुसले आणि कागदावर बोट ठेवलं. "कुठं हाय ता? परत वाच."

मी तिला ती ओळ तीनदा वाचून दाखवली.