गफूरचाचांनी शिवलेली कोरी पानं

शेणपाणी उरकलं होतं, भाकरी झाल्या होत्या आणि मी पलंगाखालचं झाडत होते. झाडूला काहीतरी जड लागलं. ओढून काढलं तर वाचनालयाचं पुस्तक. एका घराण्याच्या चार पिढ्यांची जाडजूड कादंबरी, आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आणलेली. मालक जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. अर्ध्याच्या थोडं पुढे एसटीचं तिकीट खुपसलेलं होतं. तिथवर त्यांचं वाचून झालं होतं. दहा जणांनी वाचायचं पुस्तक आपल्या घरात पडून राहिलं, याची मला लाज वाटली. त्याच सकाळी जीपने आखाडा बाळापूरला गेले आणि पुस्तक गफूरचाचांच्या टेबलावर ठेवलं. आमची ओळख झाली ती अशी.

चाचांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्याबद्दल जाणती माणसं लिहितील. मी चौथी शिकलेली बाई. पुढचं वाचन मालक आणायचे त्या पेपरांवर आणि पुस्तकांवर आपलं आपणच शिकले. मला माहीत आहे तेवढंच सांगते.

चाचा मूळचे बाइंडर. वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधता बांधता वाचनालयच त्यांच्या गळ्यात पडलं, असं ते स्वतःच सांगतात. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "पूर्ण झालं का?"

"त्यांचं अर्धं राहिलं. आता ते न्हाईत."

चाचांना बातमी ठाऊक नव्हती. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. मग त्यांनी पुस्तक उघडलं, तिकीट पाहिलं, होतं तिथेच ठेवलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "सूनबाई, हे तुमी वाचा. पहिल्यापासून. घाई न्हाई."

"एवढं जाड मला झेपायचं न्हाई, चाचा."

"जाड हाय म्हणून टिकलं. बारीक असतं तर कवाच कुणीतरी हरवलं असतं."

दोन महिन्यांत मला पहिल्यांदा हसू आलं. पुस्तक वाचायला हळदीचा आख्खा हंगाम लागला.

चाचांची एक रीत आहे. पुस्तक बांधताना शेवटी आठ-दहा कोरी पानं शिवतात. वाचून झालं की तिथे आपलं मत लिहायचं, खाली नाव-गाव. दुसऱ्याचं खोडायचं नाही. या कादंबरीची ती पानं मूळ पुस्तकाइतकीच वाचण्यासारखी आहेत. एकाने लिहिलंय, "वंशावळ सुरुवातीला द्यावी. जावई कोण आणि आतेभाऊ कोण, माझा घोळ झाला." दुसऱ्याने लिहिलंय, "चौथ्या पिढीतल्या धाकट्याला आमच्या तांड्यावर चार दिवस पाठवा. सुधरंल." आणखी एक, "जेवणाची वर्णनं उपाशीपोटी वाचू नयेत."

मीही लिहिलं. तिसऱ्या पिढीतल्या थोरल्या सुनेचा नवरा वारतो आणि पुढचं प्रकरण सुरू होतं तेव्हा बारा वर्षं निघून गेलेली असतात. ती बाई मुलाच्या लग्नाची तयारी करत असते. मी लिहिलं, "ही बारा वर्षं लेखकाने कुठे ठेवली? बाईने त्या वर्षांत काय केलं ते लिहायला पाहिजे होतं. बाकी पुस्तक चांगलं आहे."

पुढच्या खेपेला गेले तर एका निवृत्त सरांनी माझ्या ओळींवर पट्टीने रेघा मारल्या होत्या. खाली लिहिलं होतं, "कादंबरीचे तंत्र माहीत नसताना मत देऊ नये." माझे कान तापले. मी चाचांना म्हटलं, "माझं पान फाडून टाका."

"काहून?"

"सर शिकलेले. मला काय कळतं?"

"सर वाचक हायेत, तुमी बी वाचक." त्यांनी पेन घेतलं आणि खोडलेली माझी वाक्यं खाली जशीच्या तशी पुन्हा उतरवली. तेवढ्यात सर आलेच. चाचा अदबीने म्हणाले, "सर, तुमचं मत मी ठेवलंय. यांचं बी ठेवलंय. पट्टी तेवढी घरी ठेवून येत जा."

सर चमकले, मग हसले. म्हणाले, "द्या इकडे. पुन्हा बघतो तो भाग." पंधरा दिवसांनी त्यांच्याच अक्षरात खाली ओळ आली होती, "बाईंचा प्रश्न रास्त आहे. मला उत्तर सापडले नाही." तेव्हापासून सर माझ्याशी बरोबरीने वाद घालतात. मी निम्मे हरते, निम्मे जिंकते.

गेल्या पावसाळ्यात मी तापाने महिनाभर पडून होते. चाचांनी जीपवाल्याबरोबर पुस्तकं पाठवली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. वर चिठ्ठी होती, "निळं आधी वाचा. लाल रडवतं, ताप उतरल्यावर घ्या." कुणाला काय सोसेल, हे त्यांना बराबर कळतं.

या ग्रंथासाठी लेख मागितला तेव्हा काय लिहावं ते विचारायला मी त्यांच्याकडेच गेले. "माझ्यावर काय लिहिता," म्हणत त्यांनी कपाटातून तीच कादंबरी काढली. पुन्हा खिळखिळी झाली होती म्हणून त्यांनी ती नव्याने बांधली होती. "उघडा."

थोरल्या सुनेचा नवरा गेला, प्रकरण संपलं आणि पुढचं प्रकरण आलंच नाही. मध्ये बारा कोरी पानं शिवलेली होती.

"एका वर्षाला एक," चाचा म्हणाले.

"लेखकाच्या पुस्तकात मी कशी लिहू?"

"लेखकाला ठाऊक नव्हतं, तुमाला ठाऊक हाय. भीती वाटत असंल तर पेन्सिलनं लिहा."

"माझी तर सहाच वर्षं झालीत, चाचा."

"मग सहा लिहा. बाकीची पानं कुठं पळून चाललीत?"

पुस्तक पिशवीत घालून मी घरी आले.

चाचांना सुईचं नाक असंच लांबून दिसत राहो, त्यांच्या बोटांना कंप न येवो. माझं बारावं पान भरेल तेव्हा ते वाचायला टेबलामागे चाचाच बसलेले असावेत, एवढं मागणं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक उघडलं आणि पहिलं पान पेनाने लिहिलं.