घरच्या गणपतीला घरी आणताना

बाबा गेले त्या वर्षी आमच्याकडे गणपती आला नाही. दुखवटा होता, त्यामुळे कुणी काही विचारलंही नाही. पण पुढच्या पावसाळ्यात मोठे काका नेरे गावाहून आले, अर्धा चहा संपेपर्यंत लावणीबद्दल बोलले आणि मग कप खाली ठेवून आईला म्हणाले, "आता तुमचा गनपती आमच्यातच घाला. तुमी दोगी बायका. आनायला पुरुष मानूस नाय घरात. कशाला जीवाला तरास?"

काका वाईट नाहीत. बाबांच्या आजारपणात ते रात्रंदिवस धावले होते आणि आताही मायेनेच बोलत होते, म्हणून तर मला जास्त राग आला. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. आई कपबशा उचलून आत गेली आणि धुतलेल्या कपबशा पुन्हा धुवत बसली.

बाबा दरवर्षी पेणच्या कारखान्यात आमचा पाट नेऊन द्यायचे. त्यावर मूर्ती घडायची. बाबा ती घेऊन दारात आले की आई त्यांच्या पायांवर पाणी घालायची, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायची आणि मगच आत घ्यायची. एरवी या घरात आईला कुणी फारसं विचारलं असेल असं नाही, पण त्या दिवशी उंबऱ्यावर तिचा शब्द चालायचा. आता काकांकडे जाऊन ती एका कोपऱ्यात पाहुणीसारखी नारळ खवत बसणार होती. हे तिला नको होतं आणि नको म्हणण्याची तिची हिंमत नव्हती.

माझी जीभ तिच्यासारखी नाही. लग्नाच्या फंदात मी पडले नाही. न्हावा शेव्याला एका ऑफिसात कंटेनरचे कागद पुढे सरकवते आणि दिवसभर ट्रकवाल्यांशी वाद घालते. मी काकांना सांगून टाकलं, "यंदा शाडूचा गणपती मी घरीच करणार आहे. पर्यावरणासाठी."

पर्यावरण म्हटलं की नातेवाईक मान डोलवतात. काकाही मान डोलवत निघून गेले. विसर्जनानंतर तलावाच्या काठाला लागलेले प्लास्टरचे हातपाय मी पाहिले होते हे खरंच आहे, पण तेवढ्यासाठी मी मातीत हात घातला नसता. घरातच झालेला गणपती आणायला पुरुष लागत नाही, एवढं साधं माझं गणित होतं.

"चित्रकलेत पास तरी झालीवतीस का?" आईने आतून विचारलं.

शाडूची पिशवी आली, बाबांचा पाट माळ्यावरून खाली आला, आणि माझी फजिती सुरू झाली. माती भिजवली तर तिचं पिठलं झालं. पोट नीट जमलं, कारण पोट कुणालाही जमतं. कान मात्र लावले की पडायचे. ऑफिसातून आल्यावर मी रोज हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरून बसायचे, आणि आई मुद्दाम पाठ करून टीव्ही बघायची. आशा लावून घ्यायची आणि मग मोडायची, त्यापेक्षा बघायचंच नाही, असं तिचं चाललं होतं.

एका रविवारी सोंड जमली. इतकी सुरेख वळली की मी स्वतःच खूश होऊन मोबाइलवर फोटो काढू लागले. आई पाणी प्यायला उठली होती. जाता जाता थांबली.

"काय केलंस गो हे! उजव्या सोंडेचा झाला!"

डावीकडे वळवायची हे पक्कं लक्षात ठेवून मी ती वळवली होती माझ्या डावीकडे. देव माझ्यासमोर तोंड करून बसलाय, त्याची उजवी बाजू ती हीच, हे डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. त्याचं सोवळं सांभाळणं येरागबाळ्याचं काम नाही. रात्री आठ वाजता लोणावळ्याहून नाहीतर आणखी कुठून तरी कंटेनर अडकल्याचे फोन घेणाऱ्या बाईच्या घरात तर नाहीच. काकांना कळलं असतं तर ते एवढंच म्हणाले असते, "बगा, मी सांगत नवतो?"

माझं अवसानच गेलं. "राहू दे," मी म्हटलं, "नाहीच जमणार मला. नेऊ या काकांकडे."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग मूर्तीकडे. साडी खोचून ती खाली बसली, हात पाण्यात बुडवले आणि सोंड मुळापासून उपटली. मी किंचाळलेच.

"वरडतेस काय? प्रतिष्ठा नाय झाली अजून. आता ती मातीच हाय."

मग तिने तो गोळा पाणी लावून लावून मळला, तांदळाच्या भाकरीचं पीठ मळते तसा, नुसती भेग मिटेपर्यंत नव्हे तर भेगेची आठवणही जाईपर्यंत. वळी केली, बसवली, बोटाने सांधा पुसला. या खेपेला सोंड देवाच्या डावीकडे गेली. माझ्या सोंडेइतकी सुरेख काही ती नव्हती. जरा जाडच होती. पण आईने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं, आणि बाबा गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर न दिसलेलं काहीतरी मला दिसलं. तिला तो गणपती हवा होता. आता ते लपवणं तिलाही जमेना.

त्यानंतर टीव्ही बंदच झाला. कान तिने बसवले, मी उंदीर केला. तो मांजरासारखा झाला म्हणून तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांत माझी बदनामी केली. हळद आणि गेरूने रंग दिला.

चतुर्थीच्या सकाळी चौरंग सजला, आणि आई एकदम हिरमुसली.

"हा आला कुठं?" ती म्हणाली. "घरातच होता. बाहेरून आत आल्याबिगर आला कसा म्हनायचा?"

"मग नेते बाहेर आणि आणते."

"आन. आनि लिफ्टनं नको."

मी बाबांची टोपी घातली, मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकला आणि जिना उतरून गेटपर्यंत गेले. वॉचमनने विचारलं, "ताई, आजच्या दिवशी बाप्पाला कुठं घेऊन चाललात?"

"आणायला," मी म्हटलं. तो बिचारा बाजूला झाला.

चार जिने चढताना मला धाप लागली. दारात सवाष्ण लागते. आई आता पुढे येत नव्हती. बाबा गेल्यापासून कुणाच्या हळदीकुंकवाला नाही, बारशाला नाही. म्हणून ती शेजारच्या सूनबाईंना बोलावणार असं ठरलं होतं. मनातल्या मनात मी त्यांना धन्यवादही देऊन ठेवले होते.

वर पोचले तर उंबऱ्यावर आई एकटीच उभी होती. हातात तांब्या, ताटलीत भाकरीचा तुकडा.

"शेजारच्या कुठे आहेत?"

"सांगितलंच नाय तिला." ती दारातून हलली नाही. "पाय पुढं कर."

मी चपला काढून पाय पुढे केले. आईने वाकून माझ्या पायांवर पाणी घातलं. तुकडा ओवाळला, बाजूला टाकला. रुमाल काढून गणपतीला कुंकू लावलं, मग तेच बोट माझ्या कपाळाला टेकवलं. मला रडू फुटलं. दोन्ही हातांत पाट होता, म्हणून माझे डोळे तिनेच पदराने पुसले. मग ती बाजूला झाली आणि आम्ही गणपती आत घेतला.