उजवा खुबा

दुखणं सुरू झालं ते एका दुपारी. जेवण करून मी नेहमीसारखी उजव्या कुशीवर आडवी झाले आणि खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, परकराची नाडी बांधतो तिथून वीतभर खाली, हाडावरच काहीतरी टोचलं. मला वाटलं गादीत काही आलंय. उठले, चादर झटकली, गादी उलटी करून पाहिली. काही नव्हतं. पुन्हा आडवी झाले, पुन्हा तेच. मग मी उठून बसले, कारण मला ताई आठवली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, सोलापूरची. तीन वर्षांपूर्वी गेली. तिचंही खुब्यापासूनच सुरू झालं होतं. "अगं, खुबा दुखतोय गं," असं फोनवर म्हणायची, आणि मी, बंगळूरच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलेली शहाणी, म्हणायचे, "वय झालं ताई आपलं. तिळाचं तेल कोमट कर, चोळ, आणि जरा चालत जा." सहा महिने ती हेच सांगत होती आणि सहा महिने मी हेच उत्तर देत होते. मधे एकदा ती आमच्याकडे येऊन गेली. परत जाताना यशवंतपूर स्टेशनच्या जिन्यावर कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती, तर मी मागून म्हटलं, "चल गं बाई लवकर, गाडी सुटेल." पुढं एक्स-रे काढला तेव्हा कळलं की मूळ रोग दुसरीकडेच होता आणि तो हाडात उतरला होता. कॅन्सर. त्यानंतर ती चार महिने राहिली.

म्हणून त्या दुपारी मला कसलीच शंका उरली नाही. ताईचं दुखणं माझ्याकडे आलं होतं, आणि मनातल्या मनात मला वाटत होतं की ते यायलाच हवं होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. आमचे हे कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. कुठंही खुट्ट झालं की उघडून बघायचं, हा त्यांचा स्वभाव. त्यांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं. आणि दवाखान्यात जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. जोवर कुणी बघत नाही तोवर ते नाही, असा माझा हिशेब. गणिताच्या बाईचा हिशेब, हसाल तर हसा!

पण भीती काही गप्प बसू देत नव्हती. खुर्चीतून उठताना कळ यायची. जिना चढताना यायची. एका पायावर उभं राहून सलवार घालायची माझी सवय, ती सुटली. पलंगावर बसून घालायला लागले. रोज आंघोळीला गेले की खुबा चाचपून बघायचे, गाठ आहे का. हाड हाताला लागलं की हीच ती, अशी खात्री व्हायची. मग डावीकडे चाचपायचे. तिथंही तसंच हाड. मग वाटायचं, दोन्हीकडे पसरलं.

शेजारच्या अक्कांनी मला लंगडताना पाहिलं. त्या मूळच्या इथल्याच, आमचं बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. मी त्यांनाही खरं सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "मनाला शांती नाही अक्का." त्या म्हणाल्या, "एक मंडल प्रदक्षिणा घाला." मंडल म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. आमच्या जे. पी. नगरच्या गल्लीच्या टोकाला पिंपळाचा पार आहे, बुंध्याशी नागाचे दगड उभे केलेले, हळदीकुंकवानं माखलेले. रोज सकाळी तिथं एकशे आठ फेऱ्या, अनवाणी. आयुष्यभर देवाला लांबूनच नमस्कार करणारी मी, दुसऱ्या दिवशी पहाटे फेऱ्या मोजायला पदरात चिंचोके बांधून पारावर हजर! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. ह्यांना सांगितलं, वजन वाढलंय, फिरायला जाते.

पहिले आठ दिवस नेटानं काढले. दहाव्या दिवशी कळ मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरली. पंधराव्या दिवशी फेऱ्या घालताना मी दात आवळून चालत होते. कुणाही शहाण्या माणसाला वाटलं असतं की चालल्यानं वाढतंय, तर चालू नये. मला वाटलं, रोग पसरतोय, देवाला आपली भक्ती पुरत नाहीये. एकशे आठवर अकरा जास्त घालायला लागले.

विसाव्या दिवशी ह्यांनी मला पकडलं. मी कुकर उतरवताना ओट्याला धरून उभी होते आणि डोळ्यांत पाणी होतं. "काय झालं?" "काही नाही, कांदा." ह्यांनी ओट्याकडं पाहिलं. कांदा नव्हताच तिथं. दुसऱ्या दिवशी मी हाडांच्या डॉक्टरांसमोर होते.

डॉक्टर तरुण होते, शांत. मला अम्मा म्हणत होते. आम्ही कन्नडमध्येच बोललो. त्यांनी विचारलं, जांघेत दुखतं का? नाही. मोजे घालताना, पाय वळवताना? फारसं नाही. त्या कुशीवर झोपल्यावर? मी म्हटलं, झोपताच येत नाही. मग त्यांनी मला डाव्या कुशीवर निजवलं आणि खुब्याच्या हाडावर अंगठा दाबला. मी किंचाळले. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनी नक्की ऐकलं असेल.

"बरं झालं इथंच दुखतंय," ते म्हणाले. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग त्यांनी समजावलं. खुब्याच्या बाहेरच्या हाडावरून स्नायूंचा एक पट्टा जातो. तो हाडावर घासू नये म्हणून मधे पाणी असलेली एक चपटी पिशवी असते, उशीच्या अभ्र्याएवढी पातळ. घासून घासून ती सुजली आहे. बर्सायटिस. सांध्यात बिघाड असता तर बहुधा जांघेत दुखलं असतं. दुखेल अशी हालचाल काही दिवस बंद, बर्फाचा शेक, झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे उशी, मांडी घालून बसायचं नाही, आणि कमरेच्या बाजूचे स्नायू बळकट करायचे व्यायाम. वेळ लागेल, पण बरं होईल. नाहीच झालं तर इंजेक्शन, पुढचं पुढं. "स्वल्प धीर धरा, अम्मा."

आणि मग, लिहिता लिहिता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "घरात कुणाला काही मोठा आजार? आई, वडील, भावंडं?"

हे खाली गाडी लावायला जागा शोधत होते. खोलीत मी एकटी होते. मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? ताईचं नाव काढलं असतं तर त्यांचा चेहरा बदलला असता, आणि तो बदललेला चेहरा बघायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी पुढं विचारलं, फार चालणं होतं का? त्यालाही मी "रोजचंच" म्हटलं.

म्हणजे बघा, बरं होईल असं ज्यांनी सांगितलं त्यांना अर्धंच माहीत होतं. घरी आल्यावर हे खूश, गुडघ्यात घ्यायला म्हणून नवीन उशी घेऊन आले. मी मात्र तशीच. डॉक्टरांना ताई माहीत नाही, म्हणून ते पिशवी म्हणाले; माहीत असती तर काय म्हणाले असते? मन चिंती ते वैरी न चिंती. व्यायाम मी इमानेइतबारे केले, बर्फ लावला, गोळ्या घेतल्या. आणि पहाटे पारावर जाऊन एकशे एकोणीस फेऱ्याही घातल्या. इकडून मलम आणि तिकडून करवत.

एक्केचाळिसाव्या दिवशी पायानं साथ सोडली. साठाव्या फेरीला उजवा पाय टेकेचना. मी पाराच्या कडेला बसले ती बसलेच. तासाभरानं हे शोधत आले.

"हे कसलं फिरणं?" त्यांनी चिंचोक्यांची पुरचुंडी पाहिली, माझे अनवाणी पाय पाहिले.

मी मग सगळं सांगून टाकलं. प्रदक्षिणा, ताई, तेल, डॉक्टरांना सांगितलेलं "नाही". मला रडू आवरत नव्हतं. "मला तेच झालंय हो," मी म्हटलं. "मी मरणार आहे आणि मला फार भीती वाटतेय."

मला वाटलं ओरडतील. ते माझ्याशेजारी दगडावर बसले. मग म्हणाले, "एवढे दिवस एकटीच घाबरत होतीस होय गं? मी काय मेलो होतो?"

त्याच सकाळी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. या खेपेला हे खोलीत होते. मी प्रदक्षिणेचं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पाणी वाहून जावं म्हणून पाराच्या फरशीला उतार असतो, अम्मा. त्या तिरक्या दगडावर, अनवाणी, रोज एकाच दिशेनं तेवढ्या फेऱ्या! मग ती पिशवी बरी कशी होणार?" पुढं हसून म्हणाले, "उरलेल्या डॉक्टरनं बंद केल्या म्हणून देवाला सांगा."

मग मी ताईचं सांगितलं. त्यांचं हसू गेलं. चेहरा बदलला, मला ज्याची भीती होती तसाच. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तिचा कोणता खुबा दुखायचा?"

सहा महिने ती मला सांगत होती. उजवा की डावा, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

ते म्हणाले, मला अजूनही पिशवीच वाटते. पण हे कळल्यावर नुसत्या वाटण्यावर सोडणार नाही. एक्स-रे, रक्त, एमआरआय. त्या यंत्राच्या बोगद्यात ठोके पडत होते आणि मी डोळे मिटून ताईची क्षमा मागत होते. रिपोर्टला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी काय खाल्लं, कुणाशी काय बोलले, काही आठवत नाही. ह्यांनी घरातला फोन स्वतःजवळ ठेवला होता, एवढं आठवतं.

हाड स्वच्छ होतं. पिशवीत पाणी, तिच्यालगतचा स्नायू थोडा झिजलेला, बाकी काही नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचून दाखवला. मग खरीखुरी विश्रांती घेतली आणि व्यायाम केले, तेव्हा दीड-दोन महिन्यांत कळ उतरणीला लागली. आता दुपारी उजव्या कुशीवर थोडा वेळ पडता येतं.

पण रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मला दुसरंच काही करायचं होतं. मी सोलापूरला ताईच्या यजमानांना, म्हणजे भाऊजींना फोन लावला. ताई गेल्यापासून आम्ही सणासुदीलाच बोलायचो. मी एकदम विचारलं, "भाऊजी, ताईचा कुठला खुबा दुखायचा हो?"

ते क्षणभरही थांबले नाहीत. "डावा. तिला त्या कुशीवर वळता यायचं नाही, म्हणून आम्ही पलंगावरच्या जागा बदलल्या होत्या. का गं?"

मी माझं दुखणं सांगितलं. मग जे सांगायला तीन वर्षं लागली तेही सांगितलं. म्हटलं, "भाऊजी, मी तिला नुसतं तेल लाव म्हणत राहिले."

"हो, लावायची ना," भाऊजी म्हणाले. "शेवटपर्यंत रोज लावायची. उठता येईना तेव्हा माझ्याकडून चोळून घ्यायची. मी म्हणायचो, आता त्याचा काय उपयोग? तर म्हणायची, असू दे हो, धाकटीनं सांगितलंय."