पाणी का बंद केलं?

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण घशाला कोरड पाडणारी सकाळ कोणती, असं कुणी विचारलं तर मला अजूनही तीच आठवते. त्या प्रकरणात हत्यार नव्हतं की सराईत गुन्हेगार नव्हता. मी तेव्हा लोणावळ्याजवळच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो.

भाताला ओंब्या यायचे दिवस होते. हजेरी आटोपून मी टपाल बघत बसलो होतो. साडेनऊच्या सुमारास मळवलीपलीकडच्या एका गावातून सरपंचबाईंचा फोन आला.

"साहेब, आमच्या पाणीवाल्यानं सकाळपासून गावाचं पाणी बंद ठेवलंय. चावी घेऊन पळालाय. मुद्दाम करतोय. गेल्या निवडणुकीत तो पडलेल्या पार्टीकडं होता."

पाणीवाला म्हणजे ग्रामपंचायतीचा कर्मचारी. उतारावरच्या टाकीचा व्हॉल्व्ह रोज पहाटे उघडायचा, टाकीत औषध टाकायचं, झाकणाला आणि व्हॉल्व्हच्या पेटीला कुलूप लावायचं, हे त्याचं काम. बाईंनी न विचारता सांगितलेली निवडणुकीची गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली. स्टेशन डायरीला नोंद करून मी माणूस पाठवला.

पाणीवाला फार लांब गेला नव्हता. मळवली स्टेशनच्या बाकावर बसलेला सापडला. पुण्याकडच्या दोन गाड्या समोरून गेल्या, तरी तो चढला नव्हता. पन्नाशीचा, काटक माणूस. पळून जाणारा माणूस गाडी का सोडतो, हा विचार मला तेव्हाच यायला हवा होता. आला नाही.

"चावी कुठंय?" त्याला ठाण्यात आणल्यावर मी विचारलं.

"न्हाई देनार, साहेब."

"कुणाच्या सांगण्यावरून केलंस?"

"कुनाच्याच न्हाई."

तासभर हेच चाललं. मी आवाज चढवला, सरकारी कामात अडथळा आणल्याच्या कलमांची भीती घातली. तो खाली मान घालून बसला होता. अधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. शेवटी म्हणाला, "साहेब, घरला एक फोन करू द्या."

मी नको म्हणालो. ठाणे अंमलदार म्हणून आमच्या महिला हवालदार बसल्या होत्या, मावळातल्याच शेतकरी घरातल्या. त्या म्हणाल्या, "करू द्या सर. आपल्या समोरच बोलेल ना."

त्यानं बायकोला फोन लावला. आवाज एकदम हलका करून म्हणाला, "कालचं भरल्यालं पानीच प्या. नळ आला तरी भरू नगंस. गुरास्नी बी पाजू नगंस."

हवालदारबाई ताडकन उठल्या. "सर, गुरांनाही पाजू नको म्हणतोय."

मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. आवाज आपोआप खाली आला होता. "भाऊ, पाणी का बंद केलं?"

तेवढं विचारायचाच अवकाश, तो ढसाढसा रडायला लागला. आदल्या संध्याकाळी त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा फवारणीचा पंप भरायला टाकीवर गेला होता. खाचरातल्या गढूळ पाण्यानं पंप तुंबतो, म्हणून यानंच टाकीची चावी दिली होती. पंप भरताना कीटकनाशकाची उघडी बाटली टाकीत पडली. मेव्हण्यानं ते रात्रभर पोटात ठेवलं आणि पहाटे सांगितलं.

"व्हॉल्व्ह मी उघडलाच न्हाई, साहेब. टाकी रिकामी करून धुनार व्हतो. पर लोक चावी मागाया आले. दिली असती तर सोडलं असतं त्यांनी पानी. म्हून निघालो."

"मग सांगितलं का नाही?"

"पावना आत गेला असता. बहिनीला दोन लेकरं हायती. अन् चावी तर मीच दिल्याली."

सरपंचबाईंना फोन लावला. उचलला नाही. पोलीस पाटलाचा लागेना. पाणीवाल्याला गाडीत घेऊन आम्ही निघालो, वाटेतच १०८ला कळवलं. मळवलीचं फाटक बंद होतं. मालगाडीचे डबे संपता संपेनात. मागच्या सीटवर तो पुटपुटत होता, "शाळंची खिचडी बी त्याच पान्यावर शिजती, साहेब."

गावात शिरलो तर रस्त्यावर नळ वाहत होते. फोन उचलायला कुणी नव्हतं, कारण सगळे टाकीवर होते. व्हॉल्व्हच्या पेटीचं कुलूप तोडून पाणी सोडल्याला अर्धा तास झाला होता. तो चालत्या गाडीतून उतरला आणि टाकीकडे धावला. लोक अंगावर आले, तरी त्यानं व्हॉल्व्ह बंद केला. हवालदारबाई शाळेत पळाल्या. पोरं ताटं घेऊन रांगेत बसली होती. हवालदारबाईंनी शिजलेल्या खिचडीचं पातेलं फडक्यानं धरून अंगणात उपडं केलं. पोरं बघतच राहिली. मी देवळाच्या भोंग्यावरून ओरडत होतो, "पाणी पिऊ नका, भरलेलं ओतून द्या."

तरी तिघांच्या पोटात ते गेलंच. त्यातल्या एका म्हातारीच्या तोंडाला फेस आला होता. तिला लोणावळ्याला हलवलं. चार दिवस मी रोज दवाखान्यात फोन करत होतो. पाचव्या दिवशी तिनं चहा मागितला, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

पंचनामा झाला, पाण्याचे नमुने तपासणीला गेले, त्यात विष निघालं. मेव्हण्यावर गुन्हा दाखल झाला. पाणीवाल्याला कामावरून काढलं. पाण्यात काही गडबड दिसली तर ग्रामसेवकाला आणि आरोग्य केंद्राला ताबडतोब कळवायचं, असं लिहिलेल्या कागदावर त्याची सही होती. जबाब देताना तो म्हणाला, "मी बंद तर केलं व्हतं, साहेब." त्यानं बंद केलं होतं, हे मी कोर्टात आवर्जून सांगितलं. त्यानं कळवलं नव्हतं, हेही सांगावं लागलं. त्याची बहीण पुढे त्याच्याशी बोलली नाही, असं कानावर आलं.

त्याची चूक कागदावर आली. माझी आली नाही. सुरुवातीलाच नीट विचारलं असतं, तर ते कुलूप तुटायच्या आत आम्ही गावात पोहोचलो असतो. चुकलेला माणूस गप्प बसतो तो बहुधा वाईट असतो म्हणून नव्हे. पहिल्याच वाक्याला आपल्याला धरतील, ही भीती त्याला असते.

त्यानंतर हद्दीतल्या पाणीवाल्यांना, वायरमनना मी बैठकीला बोलवायचो. माझा नंबर द्यायचो आणि एकच सांगायचो, "आधी कळवा. कुणाचं चुकलं ते मागाहून बघू." अनेक जण मान डोलावून जायचे. खरं कुणी करेल असं वाटत नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात खंडाळ्याच्या बाजूच्या एका वायरमनचा फोन आला. धापा टाकत होता.

"साहेब, चूक माझीच हाय, पर आधी सांगतो. तार रस्त्यावर पडलीय अन् लाइन चालू हाय."

"कुठं?" एवढंच मी विचारलं.