शोभा मॅडमनी पट उलटा फिरवला

"गाढे मॅडमना टीममधून काढू या, सर. चौथ्या बोर्डासाठी दुसरं नाव सुचवा."

हे बोलले ते पाटबंधारे खात्यातले मोठे साहेब. आंतरकार्यालयीन बुद्धिबळ स्पर्धा तोंडावर आली होती. साहेब टीमचे कॅप्टन आणि मी कोच. टीम चौघांची; सगळ्यांत तगडा खेळाडू पहिल्या बोर्डावर, शेवटचा चौथ्यावर. सराव गारखेड्यातल्या माझ्या क्लासमध्ये चालायचा. शोभा गाढे त्यांच्याच ऑफिसात ज्युनिअर इंजिनिअर होत्या. माहेर पैठणकडचं, शेतकऱ्याचं. बुद्धिबळ त्या लग्नानंतर, नवऱ्याबरोबर शिकल्या.

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. मॅडमचं ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, पाठ होतं. शेवटी थोडे मोहरे उरले की त्या सहसा चुकत नसत. घोटाळा व्हायचा मधे. पाठ केलेल्या चाली संपल्या, मोहरे बाहेर पडले, आता पुढं काय ते स्वतःच ठरवायचं, याला आम्ही मिडलगेम म्हणतो. बरेच चांगले खेळाडू वर्षानुवर्षं इथंच अडकून राहतात.

त्या दिवशीही तेच झालं होतं. वजीर आणि घोडा घेऊन मॅडम समोरच्या राजावर धावल्या. समोरच्यानं एक प्यादं पुढं सरकवलं. घोडा मागं आला, वजीर कोंडला गेला, डाव गेला. तोही साहेबांच्या देखत.

"नाव रविवारनंतर सांगतो," मी म्हणालो.

रविवारी मॅडम आल्या. मला वाटलं, टीम सोडते असं सांगायलाच आल्या. त्यांनी पट मांडायला घेतला. हरलेला डाव, हल्ला सुरू व्हायच्या आधीपर्यंत आणून ठेवला. मग अख्खा पट उलटा फिरवला.

"सर, तुम्ही माझ्या जागी बसा. मी ज्याच्याकडून हरले, त्याच्या बाजूनं खेळते."

"कशासाठी?"

"माझा हल्ला समोरून कसा दिसतो, ते बघायचंय."

इतकी वर्षं शिकवतोय. हरलेला डाव लोक लपवतात, नाहीतर कारणं सांगतात. असं कुणी मागितलं नव्हतं. मी त्यांचाच वजीर, त्यांचाच घोडा घेऊन धावलो. त्या बोटानं माझे मोहरे मोजू लागल्या आणि एकदम हसल्या.

"अहो सर, ह्याच्यात भ्यायसारखं कायच नाय! दोघंच आलेत. दोन्ही हत्ती कोपऱ्यात बसलेत, उंट प्याद्यांच्या मागं कोंडलाय. मला तर वाटायचं, मी लई जोरात चढाई करतेय."

"मग आता काय करायचं?"

"आधी बसलेल्यांना उठवायचं."

हे वाक्य मी क्लासमध्ये शेकडो वेळा सांगितलं असेल. पण त्यांनी ते स्वतः शोधलं, म्हणून ते त्यांचं झालं. त्यानंतर आमचा शिरस्ताच पडला. हरलेला प्रत्येक डाव दोन्ही बाजूंनी खेळायचा. स्वतःचीच चूक समोर बसून बघायची, तीही चारचौघांत. भल्याभल्यांना ते झेपत नाही.

साहेबांना मी सांगितलं, "नाव बदलू नका."

"जबाबदारी तुमची," साहेब म्हणाले.

स्पर्धा उस्मानपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये झाली. शेवटच्या फेरीत मॅडमसमोर दुसऱ्या ऑफिसातला नावाजलेला खेळाडू होता. डाव मध्यावर आला आणि नेमकी तशीच संधी दिसली. वजिराला राजाकडं जायला रस्ता मोकळा. मॅडमचा हात वजिराकडं गेला. आमच्या खेळात मोहऱ्याला हात लागला की तोच चालवावा लागतो. बोटं वजिराच्या इंचभर वर थांबली आणि अलगद मागं आली.

मग त्यांनी उंट उचलला आणि थेट मागं, पहिल्या ओळीत नेला.

"माघार का घेतायत?" साहेब माझ्या कानाशी कुजबुजले.

पुढच्या चालींत तो उंट दुसऱ्या बाजूनं बाहेर पडला. एक हत्ती मोकळ्या रांगेत आला, मागोमाग दुसरा. समोरच्याचं एक कमजोर प्यादं सगळ्यांच्या माऱ्यात सापडलं. तो घाम पुसत म्हणाला, "ड्रॉ?"

ड्रॉ घ्यावा की नाही, एवढं कॅप्टनला खेळाडूला सांगता येतं. साहेबांनी लगेच मान डोलावली. "घ्या, मॅडम."

मॅडमनी एकदा पटाकडं पाहिलं, मग साहेबांकडं. "खेळते, साहेब."

प्यादं पडलं, मोहरेही थोडेच उरले. पुढचं काम त्यांच्या हातचंच होतं. त्यांनी ते घाई न करता, शांतपणे पूर्ण केलं. समोरच्यानं घड्याळ थांबवून हार मानली आणि हात पुढं केला.

आमची टीम तिसरी आली. साहेबांनी मोकळ्या मनानं हात मिळवला. "पुढच्या वर्षी दुसऱ्या बोर्डावर खेळायचं."

"व्हय साहेब. पण आधी हा डाव परत मांडू. मधे माझी एक चाल चुकलीय. त्याला दिसली नाय, म्हणून वाचले."

लोकांनी बक्षिसाच्या टेबलाकडं धाव घेतली होती. मॅडम पट उलटा फिरवून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

मिडलगेम कसा सुधारायचा, असं मला पालक नेहमी विचारतात. मी पुस्तकांची नावं सांगतो, त्यांना तीच हवी असतात. जिंकलेल्या डावातही आपली चूक शोधणारा माणूस मात्र मला फार कमी वेळा भेटलाय. त्याला कोच नसला तरी चालतं.